एकतीस ग्रॅमचा दगड

यंदा आमच्याकडे राब जरा उशिरा पेटले. भुकूमहून घोटावड्याला कामावर जाताना पिरंगुट मागं पडलं, की उजव्या हाताच्या खाचरांतून धुराचे पट्टे निघालेले दिसतात. भाताची रोपं जिथं करायची, तेवढ्या तुकड्यावर शेण, पाला, वाळकं गवत पसरून वर मातीचा थर देतात आणि भाजतात. जाळ फारसा दिसत नाही. नुसता धूर जमिनीलगत सरकत राहतो आणि रस्ता ओलांडताना गाडीवाल्याच्या शर्टात शिरतो. घरी गेल्यावर बायको वास घेऊन म्हणते, "आज राबातून आलात वाटतं."

या धुराचा वास आला की मला समुद्र आठवतो. हे वाक्य लिहून मी थांबलो, कारण ते उगाच सजवल्यासारखं वाटतं. पण ते खरं आहे, म्हणून तसंच ठेवतो.

मुळशी तालुक्यात समुद्र नाही. धरणाचं पाणी आहे. ते कितीही लांबवर दिसलं तरी गोडं आहे, आणि त्याला भरती-ओहोटी नाही. खरा समुद्र ताम्हिणी घाट उतरून पलीकडे, कोकणात. तरी एक उन्हाळाभर उरवड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये समुद्र होता आणि मी त्याच्या नोकरीला होतो.

ती शेड आधी ओतकामाच्या कारखान्याची होती. कारखाना बंद पडल्यावर किनारी बांधकामाचं संशोधन करणाऱ्या एका छोट्या गटानं ती घेतली. मासेमारीची बंदरं, धक्के, लाटा अडवणारे बंधारे समुद्रात बांधायच्या आधी त्यांच्या लहान प्रतिकृती करून त्या लाटांपुढं उभ्या करायच्या आणि काय होतं ते मोजायचं, हे त्यांचं काम. मी त्याआधी एकोणीस वर्षं कारखान्यांत मोजमाप तपासणीस होतो. तिथं तयार माल मोजायचो, इथं लाटा मोजू लागलो. जागेचे मालक उरवड्याचेच जुने शेतकरी. रोज सकाळी शेडबाहेर खुर्ची टाकून बसत आणि आल्यागेल्याला सांगत, "आदी हितं लोखंड वितळवायचं, आता पानी हालवत्यात. हालवू द्या की, आपलं काय जातंय?"

शेडमध्ये काचेच्या भिंतींचा एक लांब, अरुंद हौद होता. रुंदी साठ सेंटिमीटर. एका टोकाला पोलादी फळी. मोटर सुरू झाली की ती पुढंमागं झुलायची आणि पाण्याला ढकलायची. धप्प, मग जरा थांबून पुन्हा धप्प. ढकललेलं पाणी उंचावत दुसऱ्या टोकाला जायचं, आणि तिथं आमचा बंधारा उभा असायचा, गुडघ्याएवढा. वर पत्रे तापून टकटक वाजायचे, बाहेर राबांचा धूर, आत ओल्या सिमेंटचा थंड वास. दुपारी बारानंतर त्या हौदाच्या काचेला पाठ लावून उभं राहण्यासारखं सुख तालुक्यात नव्हतं.

सगळं चाळिसाव्या हिश्शानं लहान. सात सेंटिमीटरची लाट म्हणजे खरी दोन मीटर ऐंशी. वेळ मात्र वेगळ्या हिशेबानं आकसतो. हौदातला एक तास म्हणजे समुद्रातल्या वादळाचे सहा तास एकोणीस मिनिटं. आणि वजन तर चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे चौसष्ट हजार पटींनी कमी होतं. दोन टनांचा दगड आमच्याकडे एकतीस ग्रॅमचा व्हायचा. नेमका भागाकार एकतीस पूर्णांक पंचवीस शतांश येतो. एकोणतीस ते तेहतीस आम्ही चालवून घ्यायचो.

असे सहाशे चाळीस दगड लागायचे. खडीतून वेचून, धुऊन, वाळवून, एकेक वजनकाट्यावर ठेवून निवडायचे. मग रंगवायचे, तळाचे लाल, मधले पिवळे, वरचे पांढरे. लाटांनी दगड हलले तर कुठला कुठून निघाला हे रंगावरून कळतं. या कामाला वस्तीवरच्या तीन बायका यायच्या. त्यातल्या ठकूबाईंविषयी मला लिहायचं आहे.

ठकूबाई शेडमागच्या डोंगरावरच्या धनगर वस्तीतल्या. वय विचारलं तर "म्या कुटं मोजलंय" म्हणायच्या. घरी चाळीसएक मेंढरं, थोडी शेरडं, पावसाळी भातशेती. उन्हाळ्यात नवरा मेंढरांमागं आणि या मजुरीला. पहिल्या दोन दिवसांत काट्यावरचे आकडे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी काटा सोडला. दगड तळहातावर घ्यायचा, किंचित उडवायचा आणि डाव्या किंवा उजव्या घमेल्यात टाकायचा. माझ्या जिवाला हे पटेना. मी वीस दगड त्यांना निवडायला लावले आणि काट्यावर तपासले. एक चुकला होता, तोही एका ग्रॅमनं.

"आवं ग्रामवालं सायेब," त्या म्हणाल्या, "म्या मेंढराचं वजान हातानं सांगती. ह्ये तर खडं."

त्या दिवसापासून माझं नाव ग्रामवाले पडलं. जागामालकांनीही तेच उचललं.

दुपारी तिघी हौदाच्या कडेला भाकरीचं फडकं सोडून बसायच्या. लाटा चालू असल्या की ठकूबाई म्हणायच्या, "घ्या, दर्याकाठी जेवून घ्या." एकदा मी विचारलं, "खरा समुद्र पाहिलाय का तुम्ही?"

"पायलाय की. लहानपनी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो. आमी डोंगराच्या कडंला आन् त्यो खाली. लांबनं."

"जवळ नाही गेलात?"

"मेंढराला खारं पानी चालतंय व्हय? मग आमचं काय काम तितं?"

ज्या बंधाऱ्याची प्रतिकृती आम्ही करत होतो तो कोकणातल्या एका लहान मच्छीमार गावाचा होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. खाडीच्या मुखाशी होड्या नांगरायच्या, आणि ते मुख दक्षिणेच्या वाऱ्याला उघडं. त्या गावाच्या वतीनं हरी नाखवा आले होते, दोन गाववाल्यांना घेऊन, ताम्हिणी चढून. पंचावन्नच्या आसपासचे, उन्हानं रापलेले, आवाज खरखरीत. शेडमध्ये येऊन त्यांनी आधी हौदात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडाच हाय की!"

मी त्यांना सांगू लागलो, की गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेत फरक असतो, तो आम्ही हिशेबात धरतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग काचेतून लाटेकडे बघत म्हणाले, "चालंल. गोडी तर गोडी. मारते तशीच."

वारा सुटला की त्यांच्या गावातले पुरुष होड्यांत जाऊन बसत. इंजिन चालू ठेवून, होडी खडकापासून लांब राखत, वारा पडेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी नाखव्यांच्या धाकट्या भावाच्या होडीचा दोर तुटला. भाऊ होडीत होता. एवढंच त्यांनी सांगितलं.

अडचण दगडाची होती. गावामागच्या खाणीतून निघणारा मोठ्यात मोठा दगड दोन टनांचा. त्याहून मोठा हवा तर तो दुसऱ्या, लांबच्या खाणीतून आणावा लागणार, आणि तिथून खाडीपर्यंत तसल्या गाड्या येतील असा रस्ताच नव्हता. तो होईपर्यंत बंधारा अडकणार. दोन टनांचा टिकला, तर पावसाळा सरला की काम सुरू. म्हणून आमच्या सहाशे चाळीस दगडांवर एक गाव डोळे लावून बसलं होतं. मला ते ठाऊक होतं. ते मी विसरलो असतो तर पुढचं सोपं गेलं असतं.

आमच्या प्रमुख संशोधक, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे, त्या पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी होत्या. पहिली चाचणी माझ्यावर सोपवून गेल्या होत्या. मी ठकूबाईंना काचेवर खडूनं उताराची रेघ मारून दिली. लाल कुठवर, पिवळे कुठवर, पांढरे कुठवर, सगळं आखून दिलं. दोन थर, त्यांची जाडी मिलिमीटरमध्ये. एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं.

चाचणी सुरू झाली. चार सेंटिमीटर, पाच, सहा, सात. फळी धप्प धप्प करत राहिली. पाणी उतारावर चढायचं, पांढरं होऊन परतायचं. दगड जागचे हलेनात. संध्याकाळी पाणी उतरवून मोजले. सहाशे चाळीसपैकी चार सुटले होते, तेही माथ्यावरचे. शंभरात एकसुद्धा नाही. मी दोनदा मोजलं, मग नाखव्यांना फोन लावला.

पलीकडे त्यांनी कोणाला तरी हाक मारली. मग, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"परत एकदा सांगा, साहेब. आता घरातली पण ऐकतायत."

तो फोन ठेवल्यावर मी शेडबाहेर येऊन उभा राहिलो. समोरच्या खाचरात राब विझत आले होते. रस्त्यावरून एक मोठा कळप वर देशाकडे परतत होता, घोड्यांवर बिऱ्हाड, मागं कुत्री. आयुष्यात मी हजारो आकडे लिहिलेत, पण आकडा ऐकायला पलीकडचा माणूस घरच्यांना बोलावतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. मी खूश होतो. हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढच्या चुकीत माझ्या त्या खुशीचा वाटा आहे. मनासारखा आलेला आकडा मी कारखान्यात तीनदा तपासला असता. इथं दोनदा तपासला आणि फोन केला.

आता आमची शेड घोटावड्याच्या बाजूला आहे, आधीच्याहून मोठी. छताला कॅमेरे आहेत. चाचणीआधी आणि नंतर ते बंधाऱ्याची छबी घेतात आणि कुठला दगड किती सरकला ते यंत्रच सांगतं. मी यंत्रानं मोजलेलं तपासतो. उरवड्याच्या जुन्या शेडमध्ये फरशांचं गोदाम झालंय. त्यावरून कधी जाणं झालं की गाडी हळू होते. भुकूमलाही आता आमच्या घरासमोर बारा मजले उभे राहिलेत. मी इकडे आलो तेव्हा तिथं हरभरा असायचा. त्या मजल्यांकडे बघताना माझ्या मनात नेहमी एकच प्रश्न येतो, की हे ज्यानं तपासलं त्यानं किती वेळा तपासलं असेल. बायको म्हणते, तुम्हाला धड बघताच येत नाही कशाकडे.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंधारा उतरवायला घेतला. एरवी सोपं काम. वरून पंजा फिरवला की दगड घरंगळत खाली येतात. त्या दिवशी पंजा फिरला आणि दगड आले नाहीत. मी एक पांढरा दगड दोन बोटांत धरून ओढला. निघेना. शेजारच्या दोघांनी त्याला खांदे लावून धरला होता. डावीउजवीकडे हलवून काढला, तेव्हा भिंतीतून खिळा निघावा तसा निघाला. दुसरा तसाच, आणि तिसराही.

"ठकूबाई, हे दगड कसे लावलेत तुम्ही?"

"कसं म्हंजी? बसिवलंत."

"बसवलेत?"

"मग? मेंढवाड्याची भित रचतो तशी. मोठं त्वांड आत, निमुळतं भाईर, आन् फटीवर फट येऊ द्यायची न्हाई." त्यांनी एक दगड उचलून तीनदा फिरवला आणि दोन दगडांच्या बेचक्यात सरकवला. खट्ट आवाज झाला. "आसं. आमच्या सासऱ्यानं रचल्याली भित हाय वर, चुना न्हाई का माती न्हाई. बिबट्याला बी वाट घावत न्हाई."

त्यांच्या तोंडावर शाबासकीची अपेक्षा होती, आणि ती रास्तही होती. दीड दिवस वाकून त्यांनी सहाशे चाळीस दगडांपैकी प्रत्येकाची बैठक शोधली होती. पण समुद्रात असं होत नाही. तिथं क्रेन दगड उचलते आणि पाण्यात सोडते. तो गढूळ पाण्यात कसा पडेल, कुठल्या अंगावर टेकेल, ते कोणाच्या हातात नसतं. प्रतिकृतीतही दगड तसाच पडावा लागतो, जरा आडवातिडवा. माझ्या चार दगडांच्या आकड्यात दोन टनांची ताकद कमी आणि या बाईच्या बोटांची जास्त होती. आणि दगड सोडायचे आहेत, बसवायचे नाहीत, हे मी सांगितलं नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत उरलेले दगड एकेक करून उपसले. घरी आलो तेव्हा बायको ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. मॅडम यायला दहा दिवस आहेत, तिकडे गावानं साखर वाटलीय, दुसऱ्या चाचणीत कदाचित फारसा फरक पडणारही नाही, असंही काहीबाही बोललो. तिनं हात थांबवला नाही.

"तुम्ही तो चारचा आकडा लिहिलात ना," ती म्हणाली, "तो दगडाचा आहे की ठकूबाईंच्या हाताचा?"

"हाताचा."

"मग नाखव्याला ती बाई पाण्याखाली पाठवणार आहात का?"

मी मॅडमना फोन करून झालं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, परत चाचणी करा, आणि नाखव्यांना बोलवा. फोनवर सांगू नका, त्यांच्यासमोरच करा.

नाखवा एकटेच आले. मी चूक सांगितली, माझी म्हणूनच सांगितली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तीन दिस गावात सांगत फिरतोय मी," ते म्हणाले. "तुमच्या शब्दाला पण भरती-ओहोटी असते का, साहेब?"

मी दगडांची घमेली हौदाशी ओढून आणली.

ठकूबाईंना सांगणं त्याहून अवघड गेलं. त्यांनी हातातला दगड घमेल्यात ठेवला.

"म्हंजी म्या चांगलं केलं त्ये चुकलं?"

"चांगलंच केलंत. पण समुद्रात तसं होणार नाही."

"आन् आता मुद्दाम वंगाळ करू?"

"दगड नुसता सोडायचा. बसवायचा नाही."

त्यांनी पहिला दगड सोडला. तो कलंडून तिरका बसला आणि त्यांचं बोट आपोआप त्याला सरळ करायला गेलं. "ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. दुसरा सोडला, पुन्हा बोट गेलं. तिसऱ्याला त्यांनी हात मागं घेतला आणि पदराला पुसला. "न्हाई जमायचं, सायेब. दिसतंय तवर हात ऐकायचा न्हाई."

नाखवा कडेच्या बाकावर बसून हे बघत होते. ते म्हणाले, "बाई, क्रेनवाल्याला पण पाण्याखालचं काय दिसत नाय."

ठकूबाई त्यांच्याकडे वळल्या. "त्येला दिसत न्हाई?"

"नाय. गढूळ असते पाणी."

"मग म्या बी बगत न्हाई," म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढचे दीड दिवस त्यांनी डोळे मिटून दगड सोडले. दुसरी बाई दगड हातात द्यायची, तिसरी कोपर धरून हात रेघेवर न्यायची. ठकूबाई बोटं उघडायच्या. टप्प. पुन्हा हात पुढं. मधूनच त्या विचारायच्या, "लई वंगाळ दिसतंय का गं?" आणि बाकीच्या दोघी खुदकन हसायच्या. नाखवा पहिल्या दिवशी परत जाणार होते, ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर दगड हातात देण्याचं काम ते करत होते.

मग लाटा सोडल्या. चार सेंटिमीटरला काही झालं नाही. पाचला दोन पांढरे दगड डुलू लागले. सहाला पिवळ्यातले निसटले, लाटेबरोबर वर गेले आणि परतताना खाली गडगडले. सातला उताराला खळगा पडला. पाणी आत शिरून खळाळायला लागलं आणि दगड एकामागून एक सुटत गेले. नाखवा काचेला कपाळ लावून उभे होते. प्रत्येक लाटेबरोबर त्यांचा खांदा थोडा आक्रसायचा. मी फळी बंद करायला गेलो, तर त्यांनी न वळताच हात वर केला. "पुरा होऊ दे."

एक तास पुरा झाला. एकाहत्तर दगड सुटले होते, शंभरात अकरा. पाचापर्यंत आम्ही चालवून घेतो.

पाणी हेलकावे खात शांत होत गेलं. ठकूबाईंनी तळाशी विखुरलेले दगड पाहिले. तोंडावर पदर धरून त्या म्हणाल्या, "ह्ये म्या केलं."

"तू नाय केलास, बाई," नाखवा म्हणाले. "तिकडं झाला असता. बरा झाला, हितंच झाला." मग माझ्याकडे वळले. "आता हो-नायमधी सांगा. आकडा नको. दोन टनांत टिकल?"

"नाही."

"कितीत टिकल?"

"तीन टनांचा लावून बघावा लागेल. बघितल्याशिवाय सांगणार नाही."

त्यांनी टोपी घातली. "हां. आता बरोबर बोललात."

तीन टनांचा दगड म्हणजे आमचे सत्तेचाळीस ग्रॅम. तो मोठा म्हणून कमी लागतो, चारशे पंच्याऐंशी. तेही ठकूबाईंनी डोळे मिटूनच सोडले. चौदा सुटले, शंभरात तीन. बंधारा उभा राहिला. म्हणजे लांबची खाण, म्हणजे रस्ता, म्हणजे आणखी दिवस. नाखव्यांना तेच सांगावं लागलं.

मॅडम परत आल्यावर त्यांनी माझं टिपण वाचलं आणि आधी ठकूबाईंना गाठलं. "तुमच्या पद्धतीनं परत एकदा रचून दाखवाल?" ठकूबाई संशयानं म्हणाल्या, "डोळं उगडून?" मॅडमनी हौदाशेजारी मांडी घातली आणि सबंध दुपार एकेका दगडाची बैठक विचारून घेतली. मोठं तोंड आत का, फट कुठल्या फटीवर येऊ द्यायची नाही, कुठला दगड टाकून द्यायचा. पाण्याखाली असं रचता येत नाही हे खरं, पण बंधाऱ्याचा माथा आणि आतला उतार ओहोटीला उघडा पडतो. तिथं माणसं उभी राहू शकतात, यंत्राला दगड फिरवून बसवायला सांगू शकतात. आणखी काही चाचण्या झाल्या, आणि अहवालात आलं ते असं : समुद्राकडच्या अंगाला तीन टनांचे, सोडलेले. माथ्याला आणि आतल्या अंगाला गावच्याच खाणीतले दोन टनांचे, रचलेले. लांबून आणायचे दगड त्यामुळं बरेच कमी झाले. तरी बंधाऱ्याला वर्षापेक्षा जास्त उशीर झालाच. रचलेल्या दगडांमुळं किती उशीर टळला, ते मला नेमकं सांगता येणार नाही, म्हणून लिहीत नाही.

तेव्हापासून आमच्या कामाच्या कागदावर एक ओळ छापलेली असते. मीच घातली. "दगड सोडावा. बसवू नये. बसवायचा असल्यास तसे लिहावे." नवे शिकाऊ इंजिनिअर ती वाचून हसतात. इतकं काय सांगायचं, म्हणतात. मी त्यांना हसू देतो.

या कामाबद्दल कोणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. समुद्राचं संशोधन म्हटलं की लोकांना खोल पाणी, जहाजं, पाणबुड्या दिसतात. मी जे पाहिलं ते एवढंच : जिथं चुकलं तरी कुणाचं काही बुडत नाही अशा हौदात आधी चुकून घ्यायचं. त्यासाठी खऱ्याइतकंच वाईट काम करता आलं पाहिजे, आणि चांगल्या हाताच्या माणसाला ते किती जड जातं, हे मी बघितलेलं आहे.

गेल्या भाद्रपदात, बंधारा पुरा झाल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, नाखव्यांचा सकाळी फोन आला. मी कामावर निघालो होतो, गाडी पिरंगुटच्या अलीकडे बाजूला घेतली.

"साहेब, परवा सुटला होता. दक्षिणेचा. दोन दिस."

"होड्या?"

"सगळ्या आत बांधल्या."

"मग?"

"मग काय नाय. घरी गेलो. जेवलो. झोपलो."

मी पुढचं ऐकायला थांबलो, तर पुढं काही नव्हतं. मग तेच म्हणाले, "आई पण झोपली. भाऊ गेल्यापासून वारा सुटला की दारातच बसायची ती, पडेपर्यंत. परवा उठून आत गेली." आणि मग, घाईघाईनं, "हां, आणि तुमच्यासाठी मोजून आलोय. तीन दगड सुटलेत. टोकाचे."

त्या दिवशी कामावर जायच्या आधी मी गाडी उरवड्याकडे वळवली. ठकूबाई वस्तीच्या वाटेला शेरडं घेऊन उभ्या होत्या, पावसानं हिरव्या झालेल्या बांधावर. मी सगळं सांगितलं, होड्यांचं, जेवल्याचं, म्हातारीचं. त्या ऐकत होत्या, एका करडाचा कान चोळत. म्हातारी आत जाऊन झोपली हे ऐकल्यावर त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी डोंगराकडे तोंड फिरवलं. मी इकडेतिकडे बघत राहिलो. शेवटी, राहवलं नाही म्हणून, टोकाच्या तीन दगडांचंही सांगितलं.

"तीन?" त्या एकदम वळल्या. "टोकाचं म्हंजी भाईरच्या अंगाचं का रचल्यालं?"

"ते विचारायचं राहिलं."

"मग इचारा की. हितं काय उभं ऱ्हायलाय? एक निगाला की शेजारचं ढिलं पडत्यात. मानसं झोपत्यात तितं."

मी खिशातून फोन काढला आणि तिथंच बांधावर उभं राहून नाखव्यांना लावला.